फुटलेले दप्तर पुन्हा उभे करताना : सातारा-सांगलीच्या नोंदींचा इतिहास

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या मुलखातले मराठेशाहीचे दप्तर एका छपराखाली कधीच नव्हते. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि राजधानी तिथे आली. पण राज्याचे कागद ज्या घराण्यांच्या हातून लिहिले जात, त्या घराण्यांच्या वाड्यांतच ते राहत. प्रतिनिधींचे कागद कऱ्हाड-औंधला, मंत्र्यांचे इस्लामपूरला, निंबाळकरांचे फलटणला, डफळ्यांचे जतला, चिटणिसांचे साताऱ्यात. पेशव्यांचा फड पुण्याला गेला. पटवर्धनांचे कागद मिरज आणि तासगावला साठले. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांपासून वेगळे होऊन सांगलीला आले, तेव्हा तिथे आणखी एक दप्तर सुरू झाले. या सगळ्यांच्या खाली परगण्याचा हिशेब देशपांड्यांच्या घरी आणि गावचा कुळकर्ण्याच्या घरी. आग, लूट, वाळवी, पूर किंवा वारसांचे भांडण यांपैकी काहीही झाले की त्या त्या ठिकाणचा तुकडा नाहीसा होई. तरीही या मुलखाचा अठराव्या शतकाचा इतिहास आज पत्रापत्राने सांगता येतो. दप्तरे शाबूत राहिली म्हणून नव्हे, तर ती लिहिण्याच्या पद्धतीतच हरवलेला भाग उरलेल्या भागांवरून काढण्याची सोय होती, म्हणून.

ही सोय इनामाच्या कागदांत सर्वांत स्पष्ट दिसते. एखाद्याला जमीन इनाम दिली की एकच सनद लिहून काम भागत नसे. इनामदाराच्या नावचे पत्र, गावच्या मोकदमाला पत्र, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना पत्र आणि तिथल्या कमाविसदाराला पत्र, अशी एकाच मजकुराची पत्रे वेगवेगळ्या हातांत जात. अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी एक ठरलेला हुकूम असे : दर वर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, या पत्राची तालीक उतरून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराला परत द्यावे. म्हणजे नक्कल सरकारी दप्तरात आणि मूळ कागद ज्याचा हक्क त्याच्या घरात. शिवाय कागदाच्या पाठीवर ‘रुजू सुरनिवीस’, ‘बार’ असे शेरे पडत. कागद कोणाच्या नजरेखालून गेला आणि कोणत्या बुकात चढला, हे त्यांवरून कळे. सनद जळाली तरी बार झालेल्या दिवसाची रोजकीर्द उरे आणि रोजकीर्द गेली तरी सनदेच्या पाठीवरचा शेरा तिची साक्ष देई.

हिशेबाच्या कागदांत याहून सूक्ष्म गोष्ट होती. तिथे नकला थोड्या आणि नाती फार. रोजच्या जमाखर्चाची कीर्द, तीवरून नाववार व बाबवार खतावणी, खतावणीवरून वर्षाचा ताळेबंद. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात चालते दप्तर आणि एक बेरीज दप्तर असे दोन मोठे भाग होते. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा असत. एक बेरीज दप्तराकडे सगळ्या खात्यांचे हिशेब जात आणि तिथे त्यांचे तर्जमे व खतावण्या तयार होत. वाई परगण्याच्या एखाद्या गावचा वसूल असा निदान तीन ठिकाणी तीन रूपांत राही : कुळकर्ण्याकडे कुळवार, देशपांड्याकडे गाववार आणि हुजुरात परगण्याच्या बेरजेत. यांतले कोणतेच दुसऱ्याची हुबेहूब प्रत नव्हते. पण परगण्याची बेरीज आणि बाकीच्या गावांचे आकडे हाती असले, तर गहाळ गावाचा आकडा वजाबाकीने निघे. पुढे दोन शतकांनंतर संगणकाच्या साठवणुकीत जी युक्ती नव्याने शोधली गेली, तिचे बीज या साध्या वजाबाकीत आहे. अर्थात कारकुनांनी ती वाचवण्यासाठी योजली नव्हती. त्यांना चोरी पकडायची होती. खालच्याने लपवले तर वरच्या बेरजेत ते दिसावे, हा मूळ हेतू. कागद वाचले ते ओघाने.

त्या काळातही कागद हरवत आणि त्यावर उपाय ठरलेला होता. वतनदार गोतसभेपुढे करीना, म्हणजे आपल्या हक्काची हकिगत, मांडी : मोगलांच्या धामधुमीत घर लुटले गेले, कागद जळाले, भाऊबंदांनी दडवले. मग गावचे पाटील, कुळकर्णी, बारा बलुते, शेजारच्या गावांचे मोकदम आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्या साक्षी होऊन महजर लिहिला जाई. त्यावर नांगर, कट्यार, तराजू अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या उठत. कागद गेला तर माणसांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहून घ्यायचा, अशी ही रीत. तिचा दोषही उघड होता. आठवण विकत घेता येते, दडपणाखाली वाकते, आणि महजर एकदा झाला की पुढच्या पिढीला तो असल कागदाइतकाच भारी ठरतो. वतनाच्या तंट्यांच्या निवाड्यांत म्हणूनच खोट्या महजरांचा आणि बनावट सनदांचा उल्लेख वारंवार येतो. शिक्का कोणत्या राजाचा, अक्षर कोणाचे, तारखेचा मेळ बसतो का, हे पाहूनच कागद मान्य होई.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दप्तराची शिस्त सुटली. नोंदी वेळेवर चढेनात आणि कागद लोकांच्या घरी जाऊ लागले. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणे आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा घेतले. पुण्याचे दप्तर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या ताब्यात आले, तर साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवून जेम्स ग्रँट डफला तिथे रेसिडेंट नेमले गेले. डफला साताऱ्यातले आणि आसपासच्या घराण्यांतले कागद पाहता आले. त्यांच्या आधारे त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापून निघाला. त्याने पाहिलेल्या कागदांपैकी कित्येकांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. डफच्या ग्रंथावर मराठीतून पहिली जोरदार टीका नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास केली. मूळ कागद समोर नसतील तर डफचे कुठे चुकले हे कसे सांगायचे, ही पुढच्या संशोधकांची अडचण त्या टीकेपासूनच सुरू होते.

मधल्या काळात कागदांना सर्वांत मोठा धक्का बसला तो भीतीने. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, त्याच वर्षी तासगावची जहागीरही गेली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामांची तपासणी होऊ लागली. भोगवटा सिद्ध करायला कागद हवा; पण कागद दाखवला तर त्यातलीच एखादी ओळ आपल्यावर उलटेल, अशी धास्ती. आजोबांच्या नावची सनद खरी, पण मध्ये एकदा ती जमीन सरकारात जप्त झाल्याची नोंद दुसऱ्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, निघाली, की खरी सनदही निरुपयोगी ठरे. इनामदारांनी कागद माळ्यावर टाकले, भिंतीत चिणले, काहींनी नष्ट केले. पुढे पन्नास वर्षांनी कागद मागायला आलेल्या संशोधकांना दारातूनच परत पाठवण्यामागे हाच जुना धसका होता.

कागद शोधण्याची चळवळ १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकापासून उभी राहिली आणि तिचे तीन मोठे कर्ते या दोन जिल्ह्यांशी जोडलेले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईत सापडलेल्या पत्रांवर उभा होता. पानिपतच्या मोहिमेची आणि तिच्या आधीच्या दशकाची पत्रे त्यात आहेत. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात बसून मोठा संग्रह केला. १८०० मध्ये नाना फडणवीस वारले, त्यानंतर त्यांच्या खाजगी कागदांचा ढीग वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात पडून होता. तो पारसनिसांच्या हाती आला. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवून त्यातले बरेच छापले. राजवाड्यांना पारसनिसांची राजेरजवाड्यांत आणि साहेबांत उठबस करण्याची तऱ्हा पसंत नव्हती. पण वाळवीच्या तोंडातून कागद काढायचे तर एकाची तिरमिरी आणि दुसऱ्याची मुत्सद्देगिरी दोन्ही कामाला आल्या, हे मान्य करावे लागते.

तिसरे वासुदेव वामन खरे. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दप्तरावर त्यांनी आयुष्य घातले. त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे प्रकाशन १८९७ मध्ये सुरू झाले, १९२४ मध्ये ते वारले तोवर बारा भाग निघाले होते आणि पुढचे काम त्यांच्या मुलाने चालवले. पानिपतानंतरच्या चाळीसेक वर्षांचा दक्षिणेचा इतिहास या पत्रांतून उभा राहतो. खऱ्यांचे काम कागद छापण्याचे म्हणून ओळखले जाते. खरे कष्ट मात्र छापण्याच्या आधीचे होते.

रुमाल सोडला की आत काय दिसे? मोडीत लिहिलेली शेकडो पत्रे, बोरूची घाई, काजळीची शाई, ओलीने चिकटलेले बंद. पत्रावर तिथी आणि महिना असे, वर्ष बहुधा नसेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊक होते. सरकारी कागदांवर सुहूर सन असे, तोही अरबी अंकनामांत आणि एकंपासून उलटा. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७७५ सालचा जून ते डिसेंबर, आणि ६०० मिळवले की पुढच्या वर्षाचा जानेवारी ते मे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होई. खाजगी पत्रांना हाही आधार नसे. मग चंद्राची तारीख आणि वार जंत्रीत पडताळून दोन-तीन संभाव्य वर्षे काढायची, पत्रात आलेल्या लढाईचे, लग्नाचे, आजारपणाचे किंवा पावसाचे उल्लेख इतर पत्रांशी लावायचे आणि एकच वर्ष उरेपर्यंत गाळत जायचे. एका पत्राची जागा चुकली तर तिच्यावर टेकलेली दहा पत्रे चुकतात. उलट एक पत्र पक्के बसले की आजूबाजूची भराभर बसू लागतात. खऱ्यांनी पत्रांमध्ये जोडणारा मजकूर लिहिला तो शोभेसाठी नाही. हा क्रम त्यांनी कशावरून लावला, हे त्यातूनच वाचकाला कळते.

दुसरी अडचण दिशेची. घरातल्या दप्तरात मुख्यतः आलेली पत्रे राहतात. गेलेली पत्रे दुसऱ्याच्या घरी. मिरजेच्या रुमालांत पुण्याहून, छावणीतून, तासगावहून आलेला मजकूर मिळतो. मिरजेने काय उत्तर दिले ते पाहायला त्या त्या घरी जावे लागते. १८२० मध्ये मिरज संस्थानच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या झाल्या, धाकटीचे ठिकाण पुढे बुधगाव झाले, आणि कागदही वाटले गेले. पण याच रचनेमुळे एखादे दप्तर समूळ गेले तरी त्या घरचा आवाज पूर्ण बुजत नाही. त्याने लिहिलेले सगळे त्याच्या पत्रव्यवहारातल्या माणसांकडे पसरलेले असते. जळालेले दप्तर हवे असेल तर त्या वाड्याच्या राखेत नव्हे, शेजाऱ्यांच्या आणि शत्रूंच्या माळ्यावर शोधायचे, हा नियम या पिढीने अनुभवातून शिकला. सातारच्या छत्रपतींचा कारभार पुण्याच्या दप्तरातून बाहेर आला तो असाच. गणेश चिमणाजी वाड यांनी तिथल्या रोजकीर्दींतून काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले गेले, त्यांतला एक भाग शाहू महाराजांच्या १७०८ ते १७४९ या कारकिर्दीचा आहे.

खरे जून १९२४ मध्ये, पारसनीस मार्च १९२६ मध्ये आणि राजवाडे त्याच वर्षाच्या अखेरीस वारले. अडीच वर्षांत तिघेही गेले, आणि कोणता रुमाल कोणत्या घरून आला, कोणत्या गठ्ठ्यात काय आहे, ही त्यांच्या डोक्यातली यादीही त्यांच्याबरोबर बरीचशी गेली. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पारसनिसांचा संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. साताऱ्याने कागद गमावले असे यावर म्हणता येईल. पण नव्याने उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्थेत याद्या झाल्या, अभ्यासक आले आणि कागद वापरात राहिले.

गावच्या पातळीवरचे कागद मात्र विसाव्या शतकाच्या मध्याला दोनदा होरपळले. सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४२ च्या आंदोलनात आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या काळात चावड्या हे सरकारी सत्तेचे सर्वांत जवळचे ठिकाण ठरले आणि काही गावांत चावडीचे कागद जाळले गेले. वसुलाच्या नोंदी तालुका कचेरीतही असल्याने जमिनीचा हिशेब बुडाला नाही. १९४८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तेव्हाचे नुकसान वेगळे होते. त्या वाड्यांत पिढीजात दप्तरे होती, त्यांची तालुक्याला प्रत नव्हती. खऱ्या-राजवाड्यांनी जे उतरून घेतले आणि छापले तेवढेच त्यातले उरले. तीन वर्षांनी, १ मे १९५१ पासून, कुळकर्णी वतने कायद्याने संपली आणि गावचा हिशेब पगारी तलाठ्याच्या हाती गेला. दरम्यान १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला होता, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

कागदाची ही गोष्ट चालू असतानाच साठवणुकीचे दुसरे साधन जगात आले. १९५६ मध्ये आयबीएमने विकायला काढलेल्या पहिल्या हार्ड डिस्कवर ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. डिस्का स्वस्त झाल्या तशा त्या एकत्र बांधून मोठी साठवण करण्याची कल्पना पुढे आली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ या नावाने तिची रीतसर मांडणी केली. चार डिस्का घेतल्या आणि तीन डिस्कांवर एकाच जागी १७, २५ आणि ८ असे आकडे लिहिले, तर चौथीवर बेरीज ५० लिहायची. कोणतीही एक डिस्क बंद पडली तरी तिचा आकडा उरलेल्या तिघींवरून काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी शून्य-एकाची सम-विषम तपासणी, म्हणजे पॅरिटी, वापरतात आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने फिरवतात. एक बेरीज दप्तरातल्या कारकुनाला हे तत्त्व समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

या रचनेचा गैरसमज मात्र जगभर सारखाच झाला : डिस्क मेली तरी माहिती वाचते, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज नाही. पॅरिटी एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. चुकून पुसलेल्या फाइलपासून, डिस्कांची जुळणी सांभाळणारा कंट्रोलर विजेच्या धक्क्याने जळण्यापासून किंवा खोलीत शिरलेल्या पाण्यापासून नाही. शिवाय एकाच खरेदीतल्या डिस्का एकाच वयाच्या असतात. एक गेली की तिच्या जागी नवी बसवून तिची माहिती पुन्हा भरताना उरलेल्या सगळ्या डिस्का सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमक्या त्या ताणात दुसरी जाते. मोठ्या डिस्कांच्या काळात दोन डिस्कांचे मरण सोसणारी रचना पसंत केली गेली ती यामुळे.

अशा रचनेचा सर्व्हर कोसळला की त्यातून माहिती परत काढताना पहिला नियम मूळ डिस्कांवर काहीही न लिहिण्याचा. सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे किंवा पडद्यावर आलेल्या दुरुस्तीच्या प्रश्नाला घाईने होकार देणे, यांनी वाचण्याजोगे दप्तर कायमचे जाते. प्रत्येक डिस्क वेगळी काढतात, ती कोणत्या खोबणीत होती याचा क्रमांक तिच्यावर घालतात आणि लिहिण्याला अडसर घालणाऱ्या उपकरणातून तिची अक्षरशः प्रत घेतात. आतले वाचक टोक मोडले असेल तर डिस्क धूळरहित खोलीत उघडून त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे टोक बसवावे लागते, तेही एवढ्यापुरतेच की प्रत निघावी. पुढचे सगळे काम प्रतींवर.

मग क्रम लावायचा. कंट्रोलर जळाला असेल तर डिस्कांचा क्रम, एका वेळी किती मजकूर एका डिस्कवर लिहून पुढच्या डिस्कवर जायचे ते माप, पॅरिटी कोणत्या दिशेने फिरते ते आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या जागेपासून सुरू होतो ते, यांपैकी काहीच हाती नसते. डिस्कांवर माहिती पूर्ण असते आणि तरी ती वाचता येत नाही. मिरजेच्या रुमालातल्या बिनसालाच्या पत्रांची हीच अवस्था होती. इथेही पद्धत गाळत जाण्याची आहे. फाइलींच्या ठरलेल्या आरंभखुणा शोधायच्या, शक्य त्या जुळण्या मांडायच्या आणि एखादी मोठी फाइल सलग उघडते का ते पाहायचे. लहान फाइल एकाच तुकड्यात मावत असल्याने चुकीच्या क्रमातही उघडते आणि फसवते. अनेक डिस्कांवर पसरलेला मोठा फोटो किंवा हिशेबाचा डेटाबेस शेवटपर्यंत नीट उघडला, तरच क्रम बरोबर.

सगळ्यांत घातक ठरते ती आधी कधीतरी गळून पडलेली आणि कोणाच्या लक्षात न आलेली डिस्क. तिच्यावरचा मजकूर खरा असतो, पण दोन-तीन महिने जुना. ती चालू डिस्कांमध्ये मिसळून जुळणी केली की जुन्या-नव्याची खिचडी होते आणि बेरजा वरवर लागल्यासारख्या दिसतात. इनाम कमिशनपुढे आलेल्या, मध्येच जप्ती झालेल्या खऱ्या सनदेसारखा हा कागद आहे : खोटा नाही, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कवरची शेवटची नोंद कोणत्या वेळेची हे आधी पाहतात आणि मागे पडलेली डिस्क बाजूला काढून तिचा भाग पॅरिटीवरून काढतात.

सातारा-सांगलीच्या गावनोंदी या नव्या साठवणुकीत आल्या त्या सात-बाराच्या संगणकीकरणातून. हाताने लिहिलेला उतारा संगणकावर चढवताना नावे, क्षेत्र, आणेवारी यांत चुका झाल्या आणि एकदा चढलेली चूक सर्व्हरने तितक्याच इमानाने जपली. पॅरिटी इथे काहीच करू शकत नाही. चुकीचा आकडाही तिच्या दृष्टीने पूर्ण असतो. २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ घेतले गेले. संगणकीकृत सात-बारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, हरकती घ्यायच्या, हस्तलिखित उताऱ्याशी ताडून दुरुस्ती करायची. तीनशे वर्षांपूर्वी गोतसभेपुढे वतनाचा कागद जसा वाचला जाई, तशीच ही तपासणी, फरक इतकाच की आता हस्तलिखित उतारा शिल्लक असल्याने आठवणीवर सगळा भार नव्हता. जिथे जुना उतारा फाटका निघाला तिथे फेरफाराची नोंदवही कामाला आली, कारण प्रत्येक बदलाची कीर्द तिच्यात असते आणि तीवरून सात-बारा पुन्हा मांडता येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या पुराचा अनुभव असूनही अनेक दुकाने, कचेऱ्या आणि संस्था यांचे कागद व संगणक तळमजल्यावर होते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून लगदा झाली. त्यांतल्या ज्या पुस्तकांच्या प्रती इतरत्र आहेत ती पुन्हा मिळतील. जुन्या स्थानिक छापखान्यांतून निघालेली आणि इतरत्र न पोचलेली पुस्तके मिळणार नाहीत. भिजलेला कागद आणि भिजलेली डिस्क यांची शुश्रूषा उलट्या दिशेने करावी लागते. कागद सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, टिपकागद घालून लवकर सुकवावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरतो आणि काजळीची शाई ओलीने पसरते. डिस्क मात्र घरी उन्हात वाळवली की पुराच्या पाण्यातला गाळ तबकड्यांवर घट्ट बसतो. ती चालू न करता ओलसरच पिशवीत बंद करून जाणकाराकडे न्यावी लागते, म्हणजे गाळ धुऊन काढता येतो.

एकाच खोलीतल्या चार डिस्का एकाच पुरात बुडतात, म्हणून साठवणुकीची निदान एक प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे. सांगलीपुरता विचार केला तर ते दुसरे गाव कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठावर नसावे, एवढे पथ्य पुरते. मिरज उंचावर आहे, आणि पटवर्धनांचे थोरले दप्तर तिथेच होते.